फार लॅप: काचेपुढे उभं राहून विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत एक गोष्ट ठरलेली असते. भारतातून आई-बाबा आले, भाचे-पुतणे आले, की एका दिवशी त्यांना कार्लटनच्या मेलबर्न म्युझियममध्ये न्यायचं. तिथे डायनासोरचे सांगाडे बघून झाल्यावर एका मंद उजेडाच्या दालनात काचेच्या मोठ्या पेटीत फार लॅप हा शर्यतीचा तांबूस घोडा उभा दिसतो, आणि तिथून कोणी लवकर हलत नाही. गेल्या काही वर्षांत मी इतक्या पाहुण्यांबरोबर त्या पेटीपुढे उभा राहिलो आहे की प्रश्न मला पाठ झाले आहेत. ते सगळे इथे एकत्र लिहून ठेवतो. क्रम लोक विचारतात तोच ठेवला आहे, थोडा इकडेतिकडे.

हा खरा घोडा आहे की पुतळा?

कातडं खरं आहे. आत हाडं नाहीत. १९३२ साली तो गेल्यावर न्यूयॉर्कच्या जोनास ब्रदर्स या नावाजलेल्या कारागिरांनी त्याच्या मापाचा साचा घडवला आणि त्यावर कातडं चढवलं. या कामाला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. मानेवरच्या आणि पायांवरच्या शिरासुद्धा उठून दिसतात, म्हणून जवळ गेल्यावर लहान मुलं एक पाऊल मागे सरकतात. १९३३ च्या जानेवारीपासून तो मेलबर्नकरांच्या समोर उभा आहे.

उंची बघा. खांद्याशी १७.१ हात. घोड्याच्या मापातला हात चार इंचांचा, आणि .१ म्हणजे वर एक इंच. एकूण जवळपास पाच फूट नऊ इंच. शर्यतीच्या घोड्यात ही उंची फार मोठी.

असं काय केलं होतं त्याने?

५१ शर्यती धावला, ३७ जिंकल्या. पण हा आकडा त्याच्यावर थोडा अन्याय करतो, कारण हरलेल्या शर्यतींतल्या बऱ्याचशा अगदी सुरुवातीच्या, तो अजून शिंगरूपणातून बाहेर यायचा होता तेव्हाच्या. १९३० च्या मार्चमधल्या सेंट लेजर शर्यतीपासून शेवटच्या शर्यतीपर्यंतचा हिशेब घ्या: ३५ पैकी ३२ विजय. उरलेल्या तिनांपैकी एकीत तो अमूनिस नावाच्या घोड्याकडून नाकभर अंतराने हरला, दुसरीत वॉटरलाइनकडून मानेच्या अंतराने, आणि तिसरी १९३१ ची मेलबर्न कप, ऑस्ट्रेलियातली सर्वांत नावाजलेली शर्यत, जिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. मधल्या काळात ओळीने १४ शर्यती जिंकल्या.

थरोब्रेड म्हणजे काय?

शर्यतीसाठीच जोपासलेली जात. सतराव्या-अठराव्या शतकात पूर्वेकडून इंग्लंडमध्ये नेलेले तीन घोडे, बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन, हे या जातीचे मूळपुरुष मानले जातात. जगातल्या प्रत्येक थरोब्रेडची बापाकडची वंशावळ या तिघांपैकी एकाशी जाऊन पोचते. महालक्ष्मीला आणि पुण्याला धावतात तेही थरोब्रेडच.

तो ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा?

हा प्रश्न इथे जपून विचारावा! जन्म न्यूझीलंडचा: ४ ऑक्टोबर १९२६, दक्षिण बेटावरच्या टिमारू गावाजवळ सीडाउन इथे. मालक अमेरिकन. धावला जवळजवळ सगळा ऑस्ट्रेलियात. शेवटची शर्यत मेक्सिकोत, मृत्यू कॅलिफोर्नियात. दोन्ही देशांनी त्याला आपापल्या सन्मानयादीत घेतलं आहे आणि टिमारूच्या रेसकोर्सला आता त्याचंच नाव आहे. माझं मत विचाराल तर, जन्म दिला न्यूझीलंडने आणि वाढवला सिडनीच्या एका तबेल्याने. देवकी आणि यशोदा दोघींची नावं घेतो तसं इथेही घ्यावं.

इतका भारी घोडा, तर विकत घ्यायला खूप पैसे पडले असतील?

१६० गिनी, म्हणजे १६८ पौंड. तेव्हाच्या मानानेही किरकोळ रक्कम.

ही हकीकत नीट सांगण्यासारखी आहे. सिडनीत हॅरी टेलफर्ड नावाचा एक ट्रेनर होता. हातात पैसा नाही, नाव नाही, पण घोड्यांच्या वंशावळी वाचण्याचा मोठा नाद. १९२८ च्या जानेवारीत वेलिंग्टनजवळ ट्रेंटमला शिंगरांचा लिलाव होणार होता. त्याच्या यादीत टेलफर्डला नाइट रेड हा बाप आणि एंट्रीटी ही आई असलेलं एक शिंगरू दिसलं. बाप स्वतः धावपटू म्हणून यथातथाच, आईने तर काहीच कमावलेलं नाही. पण वंशावळीत मागे कारबाइनचं नाव होतं, १८९० ची मेलबर्न कप जिंकणारा कारबाइन. टेलफर्डने सिडनीतले अमेरिकन व्यापारी डेव्हिड डेव्हिस यांना गळ घातली, पैसे तुम्ही घाला, घोडा मी घडवतो. न्यूझीलंडमधल्या भावाने, ह्यू टेलफर्डने, लिलावात बोली लावली.

बोटीतून उतरलेला घोडा बघून डेव्हिस संतापले. तोंडावर चामखिळी, अंग हडकुळं, चाल बेढब. याच्या शिक्षणाचा खर्च मी करणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. मग टेलफर्डने तो तीन वर्षांसाठी भाडेपट्ट्याने घेतला: खर्च सगळा टेलफर्डचा, जिंकलेल्या रकमेतला एकतृतीयांश वाटा डेव्हिसचा. यादी वाचून घोडा निवडणारा आणि घोडा बघून तो नाकारणारा, अशी ही जोडी. आणि कागदावर वाचलेलं खरं निघालं.

फार लॅप हे कुठल्या भाषेतलं नाव?

मराठी पाहुण्यांना 'फार' ऐकून हमखास काहीतरी ओळखीचं वाटतं, पण त्याचा आपल्या 'फार'शी संबंध नाही. थाई भाषेत 'फा' म्हणजे आकाश आणि 'फा लॅप' म्हणजे वीज चमकणं. दक्षिण चीनमधल्या झ्वांग भाषेतही तोच शब्द आहे. ऑब्री पिंग हा चिनी वंशाचा वैद्यकीचा विद्यार्थी सकाळी सिडनीतल्या रँडविकच्या रेसकोर्सवर घोड्यांचा सराव बघायला येत असे, त्याने हे नाव सुचवलं. टेलफर्डची एक श्रद्धा होती की मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोड्यांची नावं बहुतेक दोन शब्दांची आणि इंग्रजी सात अक्षरांची असतात. म्हणून 'फ'साठी एक अक्षर वापरायचं तिथे त्याने दोन वापरली, नावाचे दोन तुकडे केले आणि सात अक्षरं भरवली.

तबेल्यात मात्र त्याला कोणी वीज म्हणत नसे. तिथे त्याचं नाव होतं बॉबी.

त्याला खच्ची का केलं? वंश पुढे चालला नाही का?

नाही चालला. दालनात हे सांगितलं की मोठी माणसं सगळ्यात जास्त हळहळतात.

१९२८ साली समोर जो घोडा होता तो विजेता नव्हता. तो लांब तंगड्यांचा, आळशी, लक्ष दुसरीकडे असलेला पोरगा होता. खच्ची केलं तर अंग धरेल आणि कामात लक्ष घालेल, असा टेलफर्डचा हिशेब. ट्रेनर आजही याच कारणासाठी हा निर्णय घेतात. पुढचं तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं.

सुरुवातीला तो खरंच शेवटचा यायचा?

पहिल्याच शर्यतीत, १९२९ च्या फेब्रुवारीत सिडनीतल्या रोझहिलच्या रेसकोर्सवर, तो शेवटचा आला. पुढच्या तीन शर्यतींतही हाती काही लागलं नाही. पाचव्यांदा, २७ एप्रिल १९२९ ला, नवशिक्या घोड्यांची सहा फर्लांगांची शर्यत जिंकला. त्यानंतर पुन्हा काही निराशा. मग सप्टेंबर उजाडला आणि काहीतरी जुळून आलं. रोझहिल गिनीज, एजेसी डर्बी, क्रेव्हन प्लेट, व्हिक्टोरिया डर्बी अशा मोठ्या शर्यती जिंकल्या, एकामागून एक.

टेलफर्ड त्याला सिडनीच्या वाळूच्या टेकड्यांवर धाववत असे. मऊ वाळूत वर-खाली, पुन्हा वर-खाली. ज्यांनी कोकणातल्या पुळणीवर पळून बघितलं आहे त्यांना कळेल की मांड्यांचं काय होतं. काहींच्या मते टेलफर्ड फार कठोर होता. घोडा उंच होता, हाडं वाढत होती, आणि त्याच्या पायांत खरी ताकद यायला दोन वर्षांचा काळ जावा लागला, हे मात्र कोणी नाकारत नाही.

त्याच वर्षीची मेलबर्न कप का हरला?

१९२९ च्या कपमध्ये तीन वर्षांचा फार लॅप सर्वांचा आवडता होता. वजन हलकं दिलं होतं, सुमारे ४७ किलो. नेहमीचा जॉकी जिम पाइक इतक्या कमी वजनात बसूच शकत नव्हता, म्हणून बॉबी लुइस या जुन्याजाणत्या जॉकीला बसवलं. शर्यतीचा वेग मंद होता, लुइस त्याला मागे ओढत राहिला, घोडा लगामाशी झगडत राहिला आणि शेवटी दमून तिसरा आला. जिंकला नाइटमार्च. तोही नाइट रेडचाच मुलगा, म्हणजे फार लॅपचा बापाकडून भाऊ.

पाइकचं आणि त्याचं गणित वेगळं होतं. पाइक त्याच्यावर ३० वेळा बसला आणि २७ वेळा जिंकला.

वजन दिलं म्हणजे काय? घोड्यावर वजन का ठेवतात?

पुण्या-मुंबईत रेस बघणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन टाकतात, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी मिळावी. जॉकी आणि खोगीर मिळून वजन कमी भरलं तर खोगिराखाली शिशाचे पत्रे घालतात. कोणावर किती वजन हे हँडिकॅपर ठरवतो. मेलबर्न कप ही अशीच शर्यत आहे. तेव्हा ती दोन मैलांची होती, १९७२ पासून ३,२०० मीटरची आहे.

याचा अर्थ असा की घोडा जितका चांगला, तितकं त्याच्या पाठीवरचं ओझं वाढत जातं. फार लॅपची कारकीर्द या एका नियमाच्या सावलीत गेली.

त्याच्यावर गोळी झाडली होती, हे खरं का?

खरं. १ नोव्हेंबर १९३०, शनिवार. कप तीन दिवसांवर आली होती. सकाळचा सराव आटोपून त्याची देखभाल करणारा टॉमी वुडकॉक एका तट्टावर बसून फार लॅपला बाजूने चालवत तबेल्याकडे परत नेत होता. रस्त्यात एक मोटार संशयास्पद रीतीने उभी दिसली, म्हणून तो सावध होता. मोटार पाठीमागून आली, शॉटगनची नळी बाहेर आली. वुडकॉकने फार लॅपला कुंपणाशी दाबलं आणि स्वतःचं तट्टू मध्ये घातलं. नेम चुकला. ते कोण होते हे कधीच उघड झालं नाही.

मागचं कारण मात्र लोक तेव्हाही ओळखून होते. मेलबर्नमधलीच दुसरी मोठी शर्यत कॉलफिल्ड कप आणि मेलबर्न कप या दोन्ही शर्यतींचे विजेते आधीच सांगून एकत्र पैज लावता येते. अमूनिस कॉलफिल्ड कप जिंकून बसला होता, आणि दुसरीसाठी असंख्य लोकांनी फार लॅपवर पैसे लावले होते. तो जिंकला तर बुकींना प्रचंड रक्कम चुकवावी लागणार होती.

आणि त्याच दुपारी, गोळीबारानंतर काही तासांत, फार लॅपने मेलबर्न स्टेक्स जिंकली.

मग कप कशी जिंकली?

मधले दिवस त्याला जिलाँगजवळच्या सेंट ऑल्बन्स या घोड्यांच्या पैदास-केंद्रात लपवून ठेवलं. कपच्या दिवशी, मंगळवारी ४ नोव्हेंबरला, त्याला न्यायची गाडी ऐन वेळी सुरू होईना. कप जिथे होते त्या फ्लेमिंग्टन रेसकोर्सवर तो पोचला तेव्हा लोकांचा धीर सुटत आला होता.

पाठीवर ६२.५ किलो. भाव ८ ला ११, म्हणजे ११ पौंड लावले तर फक्त ८ चा नफा. मेलबर्न कपच्या इतिहासात लावलेल्या रकमेहून नफा कमी मिळण्याइतका आवडता ठरलेला तो एकमेव घोडा. शेवटच्या सरळ पट्ट्यावर आल्यावर पाइकने त्याला मोकळं सोडलं आणि तो घोड्याच्या तीन लांबींनी जिंकला. सेकंड विंड दुसरा, शॅडो किंग तिसरा.

इथे बहुतेक लोक थांबतात, मी थांबत नाही. गुरुवारी तो पुन्हा धावला आणि लिनलिथगो स्टेक्स जिंकला. पुढच्या शनिवारी सी. बी. फिशर प्लेट जिंकला. आठ दिवसांत चार शर्यती, चारही जिंकल्या, त्यातली एक दोन मैलांची. आजच्या ट्रेनरला हे वेळापत्रक दाखवलं तर तो हात जोडेल. मला विचाराल तर हेच त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम आहे, आणि त्याचं कौतुक करतानाच घोड्याकडून इतकं घ्यायला नको होतं असंही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं.

लोकांना त्याचं एवढं वेड का लागलं?

काळ बघा. १९२९ ला जगभर मंदी आली. ऑस्ट्रेलियाचा लोकर आणि गव्हाचा व्यापार कोसळला, आणि १९३२ पर्यंत जवळजवळ ३० टक्के कामगार बेकार होते. गिरण्या बंद पडल्यावर गिरणगावाचं काय झालं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ही स्थिती समजावून सांगायला नको. अशा वेळी कोणालाही नको असलेला, १६० गिनीचा, चामखिळीवाला घोडा बड्या घरच्या घोड्यांना मागे टाकत सुटला. त्याच्यावर शिलिंग लावलं तर परत मिळेलच याची खात्री होती, पण नुसते बघायला येणारेही कमी नव्हते.

१९३१ च्या कपमध्ये आठवा कसा आला?

६८ किलोंमुळे. कप जिंकलेल्या घोड्याने वाहिलेलं सर्वांत जास्त वजन म्हणजे कारबाइनचं, १८९० साली साधारण ६६ किलो. फार लॅपला त्याहूनही दोन किलो जास्त दिलं. जिंकलेल्या व्हाइट नोजच्या पाठीवर होतं सुमारे ४३.५ किलो. दोघांतला फरक २४ किलोंहून अधिक, म्हणजे दोन मैल एका सहा-सात वर्षांच्या मुलाला जास्तीचं पाठीवर घेऊन धावण्यासारखं. पाइकच्या लक्षात आलं की हे होणार नाही, आणि त्याने घोड्याला छळलं नाही.

हँडिकॅपरला दोष द्यावा का? नियमाप्रमाणे त्याचं काम बरोबर होतं. पण नियम ज्या घोड्यांसाठी बनला त्यांत असा घोडा धरलेलाच नव्हता. घरच्या मैदानावर मोठ्या हँडिकॅप शर्यती आता त्याला जवळपास बंद झाल्या, आणि म्हणून डेव्हिसच्या डोळ्यांसमोर अमेरिका आली.

टेलफर्डही अमेरिकेला गेला का?

नाही, आणि ही मला या कथेतली दुखरी जागा वाटते. भाडेपट्टा १९३१ च्या सुरुवातीला संपला. टेलफर्डने ४,००० पौंड देऊन निम्मी मालकी विकत घेतली होती. पण सागरापलीकडे जाण्याच्या बेताला त्याचं मन राजी नव्हतं. डेव्हिस घोडा घेऊन निघाले आणि ट्रेनरची जबाबदारी सव्वीस वर्षांच्या टॉमी वुडकॉकवर आली. टेलफर्डला त्यानंतर असा घोडा पुन्हा कधी मिळाला नाही.

मेक्सिकोतली शर्यत कसली?

अमेरिकेच्या सीमेलगत तिव्हाना इथे अग्वा कॅलिएंटे नावाचा झगमगीत रेसकोर्स होता. तिथली अग्वा कॅलिएंटे हँडिकॅप, २० मार्च १९३२, सव्वा मैल. फार लॅप आयुष्यात प्रथमच मातीच्या ट्रॅकवर धावत होता, तोवर सगळं गवतावर. लांब बोटप्रवास करून आलेला. त्यात खुराला चीर गेलेली, म्हणून खास आडपट्टीचा नाल ठोकलेला. पाठीवर ५८.५ किलो, सगळ्यांत जास्त. जॉकी बिली इलियट.

सुटताना मागे पडला. मग इलियटने त्याला बाहेरून, गर्दी टाळून, लांबच्या वाटेने पुढे काढलं. एकदा रेव्हेली बॉयने त्याला गाठलंही, पण फार लॅपने पुन्हा वेग घेतला आणि दोन लांबींनी जिंकला. वेळ २ मिनिटं २.८ सेकंद, त्या ट्रॅकचा नवा विक्रम. ती त्याची शेवटची शर्यत ठरली.

त्याला विष घालून मारलं ना?

याच प्रश्नासाठी निम्मे लोक थांबलेले असतात, म्हणून नीट लिहितो.

शर्यतीनंतर त्याला सॅन फ्रान्सिस्कोजवळ मेन्लो पार्कच्या एका कुरणात विश्रांतीसाठी ठेवलं होतं. ५ एप्रिल १९३२ च्या पहाटे वुडकॉकला तो कळवळताना दिसला. अंगात ताप, पोट फुगलेलं. काही तासांतच रक्तस्राव होऊन तो गेला. वय साडेपाच वर्षं. शवविच्छेदनात जठर आणि आतडी भयंकर सुजलेली आढळली.

अमेरिकन गुंडांनी मारलं, ही बातमी ऑस्ट्रेलियात लगेच पसरली. गोळीबाराची आठवण ताजी असताना ती पटणं साहजिक होतं, पण तिला पुरावा मिळाला नाही. दुसरी शक्यता: जवळपासच्या झाडांवर शिशाचं आणि आर्सेनिकचं कीटकनाशक फवारलं होतं, ते गवतातून पोटात गेलं. तिसरी: आतड्याचा तीव्र जिवाणूजन्य आजार, जो अशा प्रवासाच्या आणि ताणाच्या काळात घोड्याला काही तासांत नेऊ शकतो. त्या आजाराची नीट ओळख वैद्यकाला पुढे बऱ्याच वर्षांनी झाली.

२००६ साली या वादात नवी भर पडली. आयव्हन केम्प्सन आणि डर्मट हेन्री या संशोधकांनी त्याच्या आयाळीचे केस सिंक्रोट्रॉन या अजस्र यंत्राच्या अतितीव्र क्ष-किरणांखाली तपासले. कल्पना सुंदर आहे. केस मुळाशी वाढतो तेव्हा रक्तात जे असेल ते त्यात शिरतं, म्हणून केसाची लांबी म्हणजे दिवसांची नोंदवही. कातडं टिकवतानाही आर्सेनिक वापरतात, पण ते बाहेरून सबंध केसावर बसतं. रक्तातून आलेलं वेगळं ओळखता येतं. त्यांना दिसलं की मृत्यूपूर्वी ३० ते ४० तासांच्या सुमारास त्याच्या शरीरात आर्सेनिकचा मोठा डोस गेला होता.

म्हणजे खून? इथेच घाई करू नये. त्या काळी आर्सेनिक हे घोड्यांचं नेहमीचं टॉनिक होतं. भूक लागावी, अंगावर तकाकी यावी म्हणून ते थेंबांच्या मापात देत. २००८ मध्ये टेलफर्डची हस्तलिखित वही मेलबर्नच्या संग्रहालयाने घेतली, तिच्यात आर्सेनिक आणि स्ट्रिक्निन ही विषं घातलेल्या टॉनिकच्या कृती लिहिलेल्या आहेत. मात्रा चुकली असेल, दोनदा दिली गेली असेल, किंवा आर्सेनिक अंगात असताना आजार आला असेल. माझा कल चुकीच्या मात्रेकडे आहे. कोणीतरी त्याचं भलं करायला गेलं, असं मला वाटतं.

त्याचं हृदय खूप मोठं होतं म्हणतात, किती?

६.२ किलो, सर्वसाधारण घोड्याच्या हृदयाच्या दीडपटीहून अधिक. ते कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात द्रावणात ठेवलेलं आहे. ऑस्ट्रेलियात कोणाच्या जिगरीचं कौतुक करायचं तर 'याचं काळीज फार लॅपएवढं' असं म्हणतात. आपल्याकडे वाघाचं काळीज म्हणतो, तसं.

मोठं हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, स्नायूंना जास्त प्राणवायू मिळतो, त्यामुळे लांब पल्ल्याला फायदा होतोच. पण सगळं यश त्या बरणीतल्या हृदयाला देणं मला पटत नाही. १९२९ च्या फेब्रुवारीत रोझहिलला शेवटचा आला तेव्हाही हृदय तेच होतं.

तो तीन ठिकाणी का विभागला आहे?

कातडं मेलबर्नला, हृदय कॅनबेराला, सांगाडा वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात. दोन देशांना आणि विज्ञानाला प्रत्येकी काहीतरी मिळावं म्हणून. २०१० मध्ये मेलबर्न कपच्या १५० व्या शर्यतीनिमित्त सांगाडा वेलिंग्टनहून मेलबर्नला आणून कातड्याशेजारी उभा केला होता. हृदय मात्र प्रवास सोसणार नाही इतकं नाजूक झालं आहे, त्यामुळे तिघांची भेट होणं अवघड.

एकूण किती कमावलं?

बक्षिसांचे सुमारे ६६ हजार पौंड. १६० गिनी म्हणजे १६८ पौंड, तेव्हा गुणोत्तर तुम्हीच काढा.

आपल्याकडच्या घोड्यांशी याचा काही संबंध?

फार लॅपचा थेट नाही. पण एकोणिसाव्या शतकात न्यू साउथ वेल्सहून भारतातल्या लष्करासाठी जे घोडे बोटींनी येत त्यांना 'वेलर' म्हणत, म्हणजे हा घोड्यांचा रस्ता जुना आहे. आणि शर्यतीचं व्याकरण एकच आहे. मी पुण्यात वाढलो. पावसाळ्यात कॅम्पातल्या रेसकोर्सवर सीझन सुरू झाला की सकाळी घोडे घाम जिरवत चालत जाताना दिसत, आणि प्रत्येकाच्या बाजूला लगाम धरून एक साईस असे. जॉकीचं नाव पेपरात यायचं, ट्रेनरचं यायचं, मालकाचं यायचं. साईसाचं नाव मी कधी वाचलं नाही.

टॉमी वुडकॉक हा मूळचा तसाच साईस. फार लॅपला खरारा करणारा, त्याच्याजवळ झोपणारा, त्याच्यासाठी बंदुकीपुढे तट्टू घालणारा. घोडा त्याच्या हातून सोडून दुसऱ्या कोणाकडून नीट खात नसे. पेटीसमोर सगळे काळजाविषयी आणि विषाविषयी विचारतात. मी प्रत्येक वेळी वुडकॉकचं नाव मध्ये आणतो.

त्याचं पुढे काय झालं?

तो ऑस्ट्रेलियात परतला आणि ट्रेनर झाला. मोठा तबेला त्याने कधी उभारला नाही. १९७७ साली, बहात्तराव्या वर्षी, त्याच्या हातात रेकलेस नावाचा घोडा होता. हासुद्धा उशिरा उमललेला, कित्येक शर्यती हरून मग जिंकायला लागलेला. त्या वर्षी रेकलेसने सिडनी, ॲडलेड आणि ब्रिस्बेनच्या कप जिंकल्या. नोव्हेंबरात मेलबर्न कपला उतरला तेव्हा सगळं शहर म्हाताऱ्या वुडकॉकसाठी ओरडत होतं. शेवटच्या सरळ पट्ट्यावर रेकलेस आघाडीलाही आला, पण गोल्ड अँड ब्लॅकने त्याला गाठलं आणि तो दुसरा आला. वुडकॉक १९८५ मध्ये गेले.

पेटी बघायला जाणार असाल तर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फिरून बघा, आणि लहान मुलांना पुढे उभं करा. कपच्या मंगळवारी मेलबर्नला सुट्टी असते, त्या आठवड्यात गर्दी जास्त होते.